निरंक

मराठीत शून्याला जितकी नावं आहेत तितकी दुसऱ्या कुठल्याच आकड्याला नसावीत. पेपरात मिळतो तो भोपळा. क्रिकेटमध्येही भोपळाच, फक्त तिथे तो फोडता येतो. निवडणुकीत एखाद्या पक्षाची एकही जागा आली नाही की दुसऱ्या दिवशीच्या मथळ्यात पुन्हा भोपळा. आजोबांच्या पिढीतले लोक शून्याला 'पूज्य' म्हणायचे. 'पोरगं गणितात पूज्य आहे' असं कुणी म्हटलं तर तो पोराचा सन्मान नसायचा. न्हाव्याकडे झिरो मारतात, बँकेत झिरो बॅलन्स असतो, तहसील कचेरीत निरंक असतं. आणि शेतकऱ्याच्या तोंडी एक वेगळाच शब्द आहे, तोही फक्त सातबाऱ्यापुरता: कोरा.

यातला भोपळा अपमान आहे आणि कोरा हे स्वप्न आहे. एकाच आकड्याला आपण इतक्या वेगवेगळ्या चेहऱ्यांनी भेटतो, हे मला फार उशिरा लक्षात आलं. तेव्हापासून माझं लक्ष मात्र 'निरंक'वरच अडकून बसलंय.

हा शब्द तुमच्यापैकी अनेकांनी कधी वापरलाही नसेल. तो सरकारी मराठीतला आहे. खालच्या कार्यालयाने वरच्या कार्यालयाला ठरलेल्या मुदतीत तक्ते पाठवायचे असतात. किती तक्रारी आल्या, किती अतिक्रमणं निघाली, किती जनावरं दगावली. सांगण्यासारखं काही नसेल तर त्या रकान्यात 'निरंक' लिहायचं. परिपत्रकांमध्ये बऱ्याचदा अशा अर्थाची एक सूचना असते की माहिती निरंक असल्यास तसं नमूद करावं, रकाना रिकामा सोडू नये. सरकारी भाषेची आपण भरपूर चेष्टा करतो आणि ती करण्यासारखी असतेच. पण ही सूचना ज्याने पहिल्यांदा लिहिली त्याला शून्य कळलं होतं असं मला वाटतं. रिकामा रकाना आणि शून्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शून्य म्हणजे कुणीतरी जाऊन पाहिलं, मोजलं, आणि काही सापडलं नाही. रिकामा रकाना म्हणजे कुणी पाहिलं की नाही हेच कळायला मार्ग नाही. शून्याखाली कुणाची तरी सही असते.

आमच्या जिल्ह्यातल्या नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली गेली, त्यामुळे चांगदेवांची गोष्ट इथे लहानपणीच कानावर पडते. ज्ञानदेवांना पत्र लिहायचं, पण मायना काय लिहावा? वयाने लहान म्हणून चिरंजीव, की ज्ञानाने मोठे म्हणून तीर्थरूप? ठरेना, म्हणून चांगदेवांनी कोरा कागदच पाठवला. त्याला ज्ञानदेवांनी पासष्ट ओव्यांचं उत्तर दिलं, तीच चांगदेव पासष्टी. गोष्ट सुंदर आहे. पण कोरा कागद वाचून उत्तर द्यायचं तर समोर ज्ञानदेव लागतात. कचेरीत ते बसत नाहीत.

हे सुचायला कारण आहे माझा एक अर्ज. राळेगणसिद्धी हे आमच्या पारनेर तालुक्यातलंच गाव. महाराष्ट्रात माहितीच्या अधिकाराचा कायदा ज्या आंदोलनाने आणला, त्याचा पत्ता हाच. राज्याचा कायदा सप्टेंबर २००२ पासून लागू धरला गेला, मग देशाचा कायदा आला आणि तो १२ ऑक्टोबर २००५ पासून सुरू झाला. साधा कागद, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प आणि तीस दिवसांची मुदत. मी एका कार्यालयाकडे त्यांच्या पर्जन्यमापकाच्या ऑगस्ट २०२३ मधल्या रोजच्या नोंदी मागितल्या. उत्तर एका ओळीचं आलं: माहिती निरंक.

आता याचा अर्थ काय घ्यायचा? पाऊस निरंक, की नोंद निरंक? पहिलं असेल तर आभाळाची तक्रार, दुसरं असेल तर माणसाची. त्या महिन्यात हा फरक शब्दखेळ नव्हता. १९०१ पासूनच्या नोंदींत देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट तोच. आमच्याकडे त्या दिवसांत पारावर, किराणा दुकानात, व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच आकडा होता, २१. पावसाचा सलग २१ दिवसांचा खंड पडला तर पीकविम्याची पंचवीस टक्के भरपाई आगाऊ मिळणार होती. मध्येच एखादी सर आली की खंड मोडायचा आणि मोजणी पुन्हा शून्यापासून. लोक आभाळाकडे बघून दोन उलट गोष्टी एकाच वेळी मागत होते: पाऊस पड, आणि पडणारच नसशील तर निदान नीट पडू नकोस.

मी अपील केलं. सुनावणीनंतर नोंदवहीच्या झेरॉक्स मिळाल्या. बहुतेक तारखांपुढे ०.० लिहिलेलं होतं, बारीक अक्षरात, त्याच त्या निळ्या पेनाने. काही तारखांपुढे आडवी रेघ होती. चार तारखांपुढे काहीच नव्हतं. मला त्या ०.० लिहिणाऱ्या माणसाबद्दल आदर वाटला. पर्जन्यमापक पाहायची वेळ सकाळी साडेआठची. पाऊस नाही हे घरात बसूनही दिसतं. तरी रोज उठून जायचं, पात्र बघायचं आणि 'नाही' असं लिहायचं. अशा 'नाही'ला किंमत असते, कारण तो माणूस गेला होता. उरलेल्या चार दिवसांचं कुणालाच सांगता येत नाही, आणि तरी त्या चारही दिवसांवर मला मिळालेला पहिला शिक्का 'निरंक'चाच होता.

अर्थात मोजणाऱ्यालाही कुठेतरी रेघ मारावीच लागते. हवामान खात्याच्या हिशेबात चोवीस तासांत किमान २.५ मिलिमीटर पाऊस झाला तरच तो पावसाचा दिवस. २.४ पडला तर तो दिवस त्या हिशेबापुरता कोरडा. भिजलेल्या माणसाला हे समजावून बघा. पण मोजमापाचं हे शून्य मला फसवं वाटत नाही, कारण रेघ कुठे मारली ते आधीच सांगून ठेवलेलं आहे.

आमच्या तालुक्यात वडझिरे नावाचं गाव आहे. झिरा म्हणजे आटलेल्या नदीच्या वाळूत हाताने उकरलेला खड्डा. उकरल्या उकरल्या त्यात काही नसतं. बसून राहिलं की तळाला ओल येते, मग वाटीभर पाणी जमतं. इंग्रजी झिरोशी त्याचं काही नातं नाही, कानाला जवळचा वाटतो एवढंच. पण संस्कृत गणितात शून्याला 'ख' असाही शब्द होता आणि ख म्हणजे पोकळी, भोक. निघोजच्या कुकडी नदीत पाण्याने दगडगोटे गरागरा फिरवून काळ्या कातळात कोरलेले रांजणखळगे आहेत, शनिवार-रविवारी पुण्याचे लोक तिथे फोटो काढायला येतात. जे पाहायला येतात ती जागा म्हणजे तिथे नसलेला दगड. झिऱ्यात काय आहे हे मात्र फोटोत येत नाही, त्याला थांबावं लागतं.

आता झिरोच्या बल्बचं बघा. घरातला तो मिणमिणता दिवा, देवघरात किंवा बाळाच्या खोलीत रात्रभर जळणारा. त्याला झिरो वॅटचा म्हणायचे. प्रत्यक्षात तो बारा-पंधरा वॅट खायचा. जुने मीटर एवढा बारीक भार नीट पकडत नसत, त्यामुळे बिलात तो दिसायचा नाही आणि नाव पडलं झिरो. वीज जळत होती, मीटरची चकती हलत नव्हती. आपल्या आजूबाजूची बरीच शून्यं या बल्बसारखी आहेत, असं मला अलीकडे वारंवार वाटतं.

एक चांगलं शून्यही सांगते. गुन्हा दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत घडला असला तरी जवळच्या ठाण्याने तक्रार नोंदवायची, तिला शून्य क्रमांक द्यायचा आणि मग योग्य ठाण्याकडे पाठवायची. हाच झिरो एफआयआर. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ व्या कलमात ही तरतूद थेट आहे. २०५ मधलं शून्य जे काम करतं तेच हे शून्य करतं. जागा धरून ठेवतं. आलेल्या बाईला 'आमची हद्द नाही' म्हणून परत पाठवलं तर रकाना रिकामा राहतो. शून्य टाकलं तर ती आली होती हे कागदावर उरतं.

शून्याचे नियम पहिल्यांदा नीट मांडणारा ब्रह्मगुप्त. इ.स. ६२८ मध्ये त्याने ब्रह्मस्फुटसिद्धान्त लिहिला. त्यात अधिक संख्येला धन आणि उणे संख्येला ऋण म्हटलंय. मालमत्ता आणि कर्ज. शाळेत आपण 'ऋण तीन' म्हणतो तेव्हा खरं तर तीनचं कर्ज म्हणत असतो. जेवढं धन तेवढंच ऋण, तर बेरीज शून्य. शून्यातून ऋण वजा केलं तर धन होतं. युरोपात पुढची कित्येक शतकं उणे संख्या म्हणजे काहीतरी अशक्य प्रकार वाटत राहिला. आपल्याकडे तो सावकाराच्या वहीमुळे सहज पचला असावा, हा माझा तर्क. कर्ज काढलेल्या माणसाला शून्याच्या खाली काय असतं ते समजावून सांगावं लागत नाही.

म्हणूनच 'सातबारा कोरा' या घोषणेत दम आहे. सातबाऱ्यावर 'इतर हक्क' नावाचा रकाना असतो. बँकेचा, सोसायटीचा बोजा तिथे चढतो. तो उतरवा, रकाना रिकामा करा, एवढीच मागणी. कुणी म्हणत नाही की आम्हाला धन द्या. ऋणातून शून्यावर आणा, पुढचं आम्ही बघू. जगातल्या इतर लोकांची शर्यत शून्यापासून सुरू होते, शेतकऱ्यासाठी शून्य हीच अंतिम रेषा झाली आहे.

फेब्रुवारी २०२३ मध्ये सोलापूरच्या बाजारातली एक कांदापट्टी देशभर गाजली. कांदा ५१२ किलो, भाव किलोला एक रुपया. हमाली, तोलाई, गाडीभाडं मिळून ५०९ रुपये ५१ पैसे कापले. उरले २ रुपये ४९ पैसे. चेक मिळाला दोन रुपयांचा. पारनेरच्या बाजार समितीतही कांदाच मुख्य, त्यामुळे ती पट्टी इथे कुणाला नवलाची वाटली नाही. उणे पट्टी, म्हणजे माल देऊन वर पदरचे पैसे भरायचे, हा प्रकार सगळ्यांना ठाऊक आहे. लोक त्या दोन रुपयांवर हळहळले. मला त्या पट्टीत न छापलेल्या ओळी दिसत राहिल्या. हमालाची मजुरी कापली, बरोबर आहे, त्याने पोतं उचललं. पण रोप कुणी लावलं, खुरपणी कुणी केली, काढल्यावर पात कापत वाफ्यात दिवसभर उकिडवं कोण बसलं? ते घरचंच माणूस असेल तर त्याच्यासाठी पट्टीत ओळ नाही. शून्यसुद्धा नाही. हमीभाव सुचवणारा केंद्राचा कृषी मूल्य आयोग पिकाचा खर्च काढताना कुटुंबाचं श्रममूल्य वेगळं धरतो, म्हणजे ते मोजता येत नाही असं कुणी म्हणू शकत नाही.

शून्य दिसू नये म्हणून केलेला एक खटाटोपही आठवतो. ऑगस्ट २०१४ मध्ये जनधन खाती सुरू झाली. शून्य शिल्लक असलेली खाती किती, यावर मग चर्चा होऊ लागली. २०१६ साली वर्तमानपत्रात आलं की काही बँकांच्या शाखांमधून अशा खात्यांत परस्पर एकेक रुपया टाकला गेला होता. रुपया पडला की खातं शून्याच्या यादीतून बाहेर. खातेदाराला त्या रुपयाने काय मिळालं? त्याच्याकडे काहीच नाही, ही त्याच्याबद्दलची एकमेव खरी नोंद मात्र गेली. पाहून लिहिलेलं शून्य खोडून न पाहता लिहिलेला एक.

यावर कुणी म्हणेल, सगळंच कुणी बघू शकत नाही, प्रत्येक रकान्यामागे धावलं तर जगायचं कधी? खरं आहे. मलाही दुसऱ्यांच्या आयुष्यातल्या बहुतेक गोष्टी माहीत नाहीत. पण 'मला माहीत नाही' म्हणायला फारसे कष्ट पडत नाहीत. तरी त्या जागी आपण शून्य लिहितो आणि मोकळे होतो, कारण शून्य लिहिलं की पुन्हा कुणी विचारत नाही.

या सवयीचं मराठीतलं सर्वांत लाडकं वाक्य म्हणजे 'शून्यातून विश्व निर्माण केलं'. सत्कार, साठी, श्रद्धांजली, कुठेही चालतं. माझ्या वडिलांच्या साठीला गावातल्या एका वक्त्याने तेच म्हटलं. कोरडवाहू रानात विहीर पाडली, डाळिंब लावलं, पोरांना शिकवलं, शून्यातून विश्व. वडिलांनी कष्ट केले यात तसूभर शंका नाही. मी पाहिलेत. पण मांडवात बायकांच्या बाजूला पहिल्या रांगेत माझी थोरली आत्या बसली होती आणि टाळ्या वाजवत होती.

विहिरीसाठी बँकेचं कर्ज काढलं होतं. कर्जाला जमीन तारण. आजोबा गेल्यावर वारसनोंदीत वडिलांसोबत दोन्ही आत्यांची नावं सातबाऱ्यावर आली होती. २००५ च्या दुरुस्तीने मुलींना वडिलोपार्जित जमिनीत मुलांइतका हक्क मिळाला होता, आणि महाराष्ट्राने तर त्याच्याही आधी, १९९४ मध्ये कायदा बदलला होता. बँकेला नावं मोकळी हवी होती. मग हक्कसोडपत्र झालं. दोघी सकाळच्या एसटीने आल्या, सह्या केल्या, आमच्याकडे पुरणपोळी जेवल्या, साडीचोळी घेऊन संध्याकाळच्या गाडीने परत गेल्या. त्या कागदावर एक शब्द आहे: विनामोबदला. राजीखुशीने, विनामोबदला. सरकारदरबारी त्या व्यवहाराची किंमत शून्य. विहिरीला पाणी मात्र त्या शून्यावर लागलं. सुप्याची एमआयडीसी वाढत गेली तसे पुढे जमिनींचे भाव काय झाले ते इथे लिहीत नाही.

मी आत्याला विचारलं, तुला काय वाटलं होतं तेव्हा. ती म्हणाली, "अगं, भावालाच दिलं ना. त्याचं काय मोजायचं?"

तिचं हे उत्तर मला बाजूला सारता येत नाही. मी जर तिच्या हिश्शाची किंमत लावून दाखवली, एवढे गुंठे, एवढे लाख, तर तिने जे दिलं त्याचं देणंपण मी काढून घेतल्यासारखं होतं. तो फसलेला सौदा होऊन जातो आणि ती अडाणी ठरते. ती अडाणी नाही. तिला काय सुटतंय ते सही करताना ठाऊक होतं, माहेरचं दार उघडं राहण्याची किंमतही ठाऊक होती. उलट विनामोबदला म्हणून पान उलटलं तर तिचं देणं झिरोच्या बल्बसारखं, जळतंय पण मीटरवर नाही. मोजलं तर अपमान, न मोजलं तर पुसणं. देण्याला आकडा नको हे मला पटतं. पण ज्याला मिळालं त्याने 'मी शून्यातून सुरुवात केली' म्हणायचं, हे मात्र पटत नाही. वडील स्वतः तसं कधी म्हणाले नाहीत, एवढं त्यांच्या बाजूने नोंदवून ठेवते. म्हणणारे दुसरेच असतात, आणि ऐकणाऱ्याला ते खोडायचं सुचत नाही.

२०११ च्या जनगणनेत फक्त घरकाम करणारी बाई 'काम न करणारी' या गटात गेली. आत्या तिच्या सासरी चार म्हशी सांभाळायची. प्रगणकाने तिला नेमकं काय विचारलं आणि काय लिहिलं, हे तिला आठवत नाही.

मागच्या दिवाळीत भाऊबीजेला ती आली होती. माझ्या फोनमध्ये जुन्या हस्तलिखित सातबाऱ्याचा फोटो होता, तलाठ्याच्या तिरक्या अक्षरातला. नवीन संगणकीय सातबाऱ्यात कमी झालेल्या नोंदींवर आडवी रेघ मारतात, जुन्यात त्यांना कंस करायचे. मी तिला दाखवलं, हे बघ, वडिलांचं नाव, आणि खाली कंसात तुमची दोघींची.

"कंसात म्हणजे आहे का नाही?" तिने विचारलं.

होतं, मी म्हटलं. होतं आणि कमी झालं, आणि ते कुठल्या फेरफाराने कमी झालं त्याचा नंबर शेजारी आहे.

तिने फोन हातात घेतला, दोन बोटांनी नाव मोठं केलं आणि बराच वेळ बघत राहिली. मग चष्मा काढून पुसला आणि मला तो नंबर वाचून दाखवायला लावला. घरात कागद सापडेना, म्हणून तिने तो भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला, दूधवाल्याच्या हिशेबाखाली लिहून घेतला. जाताना ते पान फाडून पिशवीत टाकलं.